‘पाप’ आणि ‘परतणे’ : हिब्रू शास्त्रातील काही शब्दांचा अर्थेतिहास

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाच्या राज्यावर स्वारी केली आणि तटबंदीची नगरे एकामागून एक जिंकीत तो लाखीशपर्यंत येऊन पोहोचला. यरुशलेमचा राजा हिज्कीया याने त्या वेळी त्याच्याकडे जो निरोप धाडला, तो दुसरे राजे या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात (१८:१४) नोंदलेला आहे. निरोपाचा आशय थोडक्यात असा : आपल्या हातून आगळीक झाली आहे, अश्शूरच्या राजाने माघारी फिरावे, तो जो भार लादील तो आपण वाहू. या निरोपातील तीन क्रियापदे हिब्रू धर्मभाषेच्या अभ्यासकाला थबकावयास लावणारी आहेत. आगळीक कबूल करण्यासाठी योजलेले क्रियापद ‘हाटा’ हे आहे, माघारी फिरण्यासाठी ‘शूब’ आणि भार वाहण्यासाठी ‘नासा’. हीच तीन क्रियापदे पुढे पाप करणे, पश्चात्ताप करणे आणि पापाचा भार वाहणे, किंबहुना पापाची क्षमा करणे, या अर्थांनी त्याच शास्त्रात शेकडो ठिकाणी येतात. येथे मात्र देवाचा संबंध नाही. एक मांडलिक राजा आपल्या अधिराजाशी खंडणीची बोलणी करीत आहे. खंडणी ३०० किक्कार रुपे आणि ३० किक्कार सोने अशी ठरली. सन्हेरीबच्या स्वतःच्या वृत्तांतात सोन्याचा आकडा तोच असून रुप्याचा आकडा ८०० आहे.

या एका निरोपातून जो प्रश्न उभा राहतो, तो भाषाशास्त्राचा आहे तसाच धर्मेतिहासाचाही आहे. ‘पाप’ आणि ‘पश्चात्ताप’ या शब्दांनी आज ज्या आंतरिक, मानसिक अवस्थांचा बोध होतो, त्या मूळ हिब्रू शब्दांत होत्या काय? नसल्यास त्या कोणत्या मार्गाने तेथे आल्या? प्रस्तुत लेखात या शब्दांच्या प्रयोगांचा कालक्रमाने विचार करून असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, हिब्रू शास्त्रात हे शब्द प्रथमतः दोन पक्षांमधील संबंध, त्या संबंधात पडलेला भार आणि आचरणाची दिशा यांचे वाचक आहेत. मनातील अनुतापाला त्यांत स्थान आहे, परंतु ते स्थान पहिले नाही. हा क्रम बदलण्यास उत्तरकालीन भाषांतरे बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

(लिप्यंतराविषयी एक सूचना आवश्यक आहे. हिब्रूतील कंठ्य ‘हेथ’ हा वर्ण येथे ‘ह’ने दाखविला आहे. हिज्कीया, नहूम, नहेम्या या मराठीत रूढ झालेल्या नामांत हीच पद्धत आहे. ‘शूब’ या धातूतील अंत्य वर्णाचा उच्चार स्वरानंतर ‘व’सारखा होत असे, तथापि एकरूपतेसाठी सर्वत्र ‘ब’च ठेवला आहे.)

१. धातू म्हणजे अर्थ नव्हे

पापवाचक हिब्रू शब्दांचा विचार बहुधा एका लोकप्रिय विधानाने सुरू होतो : ‘हाटा’ म्हणजे नेम चुकणे, म्हणून हिब्रू दृष्टीने पाप म्हणजे लक्ष्यभ्रष्ट होणे. या विधानाला आधार नाही असे नाही. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामीन वंशातील ७०० निवडक डावखुऱ्या गोफणदारांचे वर्णन आहे. केसाएवढ्या लक्ष्यावर दगड मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तेथील क्रियापद याच धातूचे आहे. नीतिसूत्रे १९:२ मध्ये घाईने पाऊल टाकणारा वाट चुकतो, तेथेही हाच धातू आहे. अरबी भाषेतील ‘खता’ हा सजातीय शब्द फारसीच्या द्वारे हिंदुस्थानीत आला, आणि तेथेही अपराध व बाणाचा नेम चुकणे हे दोन्ही अर्थ त्याला आहेत.

परंतु हे प्रयोग मोजके आहेत. ज्या शेकडो स्थळी हा धातू अपराधाच्या अर्थाने येतो, तेथे बोलणाऱ्याच्या मनात गोफण किंवा बाण होता असे मानण्यास काहीच पुरावा नाही. जेम्स बार यांनी ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ (१९६१) या ग्रंथात धर्मशास्त्रज्ञांच्या या सवयीवर कठोर टीका केली. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत दडलेला नसून विशिष्ट काळी विशिष्ट वाक्यात तो कसा वापरला गेला यावरून ठरतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ‘कुशल’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘कुश तोडणारा’ अशी परंपरेने सांगितली जाते. परंतु कुशल सुताराची स्तुती करताना दर्भाची आठवण कोणालाही होत नाही.

म्हणून ‘हाटा’चा अर्थ पाहावयाचा तर तो प्रयोगांतच पाहिला पाहिजे. उत्पत्ती ४०:१ मध्ये मिसरच्या राजाचा प्यालेबरदार आणि आचारी आपल्या स्वामीचा अपराध करतात. पहिले राजे १:२१ मध्ये बथशेबा दावीदाला सांगते की, त्याच्या पश्चात वारसाहक्क निश्चित झाला नाही तर ती आणि शलमोन ‘हट्टाईम’ ठरतील, म्हणजे नव्या राजाच्या दृष्टीने अपराधी गणले जातील. येथे नैतिक दोषाचा संबंधच नाही. सत्ता ज्याच्या हाती गेली त्याच्या लेखी त्यांची जागा काय असेल, एवढाच प्रश्न आहे. अक्कादी भाषेतील सजातीय शब्दांचा प्रयोगही याला पोषक आहे. अश्शूरच्या राजलेखांत शपथपूर्वक केलेल्या कराराचा भंग या धातूने सांगितला जातो, आणि सन्हेरीबच्या याच स्वारीच्या वृत्तांतात एक्रोन नगरातील बंडखोर अधिकाऱ्यांच्या अपराधाला ‘हिट्टु’ हाच शब्द आहे. हिज्कीयाने आपल्या निरोपात जो शब्द वापरला, तो अशा रीतीने त्या काळच्या राजकीय व्यवहाराच्या परिभाषेतलाच होता.

‘हाटा’ या क्रियेला एक प्रतिपक्ष लागतो. अपराध कोणाचा तरी केला जातो. तो राजाचा असेल, भावाचा असेल किंवा देवाचा असेल. पण जो बिघडतो तो दोघांमधील संबंध होय.

२. पेशअ आणि आवोन

दुसरा शब्द ‘पेशअ’. दुसरे राजे या ग्रंथाचे पहिलेच वाक्य सांगते की, अहाबाच्या मृत्यूनंतर मवाबाने इस्राएलाविरुद्ध बंड केले, क्रियापद ‘पाशअ’. दावीदाच्या घराण्यापासून उत्तरेकडील वंश फुटून निघाले (पहिले राजे १२:१९), तेथेही हेच क्रियापद आहे. यशया १:२ मध्ये हाच शब्द वाढविलेल्या मुलांनी बापाविरुद्ध उठण्यासाठी आला आहे. मात्र या शब्दाचा अर्थ ‘बंड’ एवढाच घेतला तर अडचण येते. निर्गमातील विधिसंग्रहात दुसऱ्याकडे ठेवलेल्या वस्तूच्या अपहाराच्या तंट्यालाही ‘पेशअ’ म्हटले आहे. आमोसाच्या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांत आठ राष्ट्रांचे ‘पेशअ’ मोजून दाखविले आहेत, आणि त्यांत मवाबाचा अपराध इस्राएलाशी संबंधितही नाही : त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. इस्राएलाचा अपराध असा की, तेथे नीतिमान मनुष्य रुप्यासाठी आणि दरिद्री जोड्यांच्या जोडासाठी विकला गेला. रोल्फ क्नीरिम यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पापवाचक शब्दांच्या विस्तृत अभ्यासात ‘संबंध तोडणे, दुसऱ्याचे हिरावून घेणे’ हा अर्थ सुचविला आहे. तो या सर्व प्रयोगांना अधिक चांगला लागू पडतो. मराठीत यासाठी ‘पाप’पेक्षा ‘द्रोह’ हा शब्द जवळचा आहे.

तिसरा शब्द ‘आवोन’ सर्वांत गूढ आहे. वाकणे, वाकडे होणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. तथापि त्याचे खरे वैशिष्ट्य धातूत नाही. वाईट कृत्य, त्या कृत्यामुळे येणारा दोष आणि त्या दोषाचे फळ म्हणून येणारे दुःख, या तीनही गोष्टींना हा एकच शब्द आहे. उत्पत्ती ४:१३ मध्ये भावाचा वध केल्यानंतर काइन म्हणतो की, आपला ‘आवोन’ ‘नासा’ करण्यापलीकडचा मोठा आहे. याचे दोन अर्थ होतात : ‘माझी शिक्षा सोसवत नाही इतकी मोठी आहे’ आणि ‘माझा अपराध क्षमा करता येणार नाही इतका मोठा आहे’. प्राचीन ग्रीक भाषांतराने दुसरा अर्थ घेतला, आधुनिक भाषांतरे बहुधा पहिला घेतात. पहिल्या अर्थी काइन तक्रार करीत आहे, दुसऱ्या अर्थी तो कबुली देत आहे. मूळ वाक्यात कृत्य आणि फळ यांच्यामध्ये रेघ ओढलेलीच नसल्यामुळे भाषांतरकाराला ती स्वतः ओढावी लागते.

३. ओझे

‘नासा’ या क्रियापदाचा मूळ व्यवहारातील अर्थ उचलणे, वाहणे हा होय. ‘नासा आवोन’ हा वाक्प्रयोग दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या अर्थांनी येतो. लेवीय ५:१ प्रमाणे साक्ष ठाऊक असूनही जो पुढे येत नाही, तो आपला ‘आवोन’ वाहतो, म्हणजे दोषी ठरतो. निर्गम ३४:७ मध्ये देव ‘आवोन’, ‘पेशअ’ आणि ‘हट्टाआ’ उचलणारा आहे, म्हणजे क्षमाशील आहे. हा विरोध खरा नाही. ओझे तेच आहे. एका ठिकाणी ते अपराध्याच्या पाठीवर आहे, दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी ते तेथून उचलले आहे. योसेफाचे भाऊ त्याच्याजवळ क्षमा मागतात (उत्पत्ती ५०:१७) तेव्हा ते आपला ‘पेशअ’ उचलण्याचीच विनंती करतात.

ही कल्पना केवळ आलंकारिक नव्हती, हे लेवीयच्या १६व्या अध्यायातील विधीवरून स्पष्ट होते. वर्षातून एकदा प्रमुख याजक जिवंत बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांचे सर्व ‘आवोन’, ‘पेशअ’ आणि ‘हट्टात’ उच्चारी. तिन्ही शब्द येथे एकत्र आले आहेत. मग तो बोकड ते सर्व वाहून निर्जन प्रदेशात नेई. दोष ही जणू एक वस्तू आहे. ती नाहीशी होत नाही, ती कोठेतरी न्यावी लागते. यशया ५:१८ मध्ये लोक ‘आवोन’ दोरीने आणि ‘हट्टाआ’ गाडीच्या दोरखंडाने ओढीत आहेत. ३८व्या स्तोत्रात तो डोक्यावरून गेलेला, न पेलणारा भार आहे.

४. ऋण

इ. स. पू. सहाव्या शतकात यरुशलेमचा पाडाव होऊन यहूदी लोक बाबेलला नेले गेले. पुढे पारसीक साम्राज्याच्या काळात अरामी ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि यहूदी समाजातही ती रुजली. या भाषांतराबरोबर पापाची प्रतिमाच पालटली. अरामीत ‘होवा’ या शब्दाचा अर्थ ऋण असा आहे आणि अपराध असाही. ऑन्केलोसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अरामी भाषांतरात लेवीय ५:१ मधील ‘ओझे वाहील’ याच्या जागी ‘आपले ऋण स्वीकारील’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि जेथे देव ओझे उचलतो तेथे ‘सोडून देणे’ हे क्रियापद आहे. हेच क्रियापद कर्ज माफ करण्यासाठीही वापरले जाई.

या बदलाचा सलग इतिहास गॅरी अँडरसन यांनी ‘सिन : अ हिस्टरी’ (२००९) या ग्रंथात मांडला आहे. संक्रमणाच्या खुणा हिब्रू शास्त्रातच दिसतात. यशया ४०:२ मध्ये यरुशलेमचा ‘आवोन’ फेडला गेला असल्याची घोषणा आहे. निर्वासाची वर्षे हा जणू कर्जाचा हप्ता होता. दानीएल ग्रंथाच्या अरामी भागात नबुखद्नेस्सर राजाला दीनांवर दया करून आपले दोष मोडून टाकण्याचा सल्ला दिला आहे. मृत समुद्राकाठच्या ११व्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांपैकी मलकीसदेकविषयक लेखात लेवीयच्या २५व्या अध्यायातील योबेल वर्षाची मुक्तता दोषांच्या भारापासूनच्या मुक्ततेला जोडलेली आहे. त्यानंतरच्या रब्बींच्या वाङ्मयात तर दुकान, हिशेबाची वही आणि लिहिणारा हात हीच जगाची प्रतिमा झाली; अवोत या ग्रंथात ती रब्बी अकीबाच्या नावाने येते.

येशूने शिकविलेल्या प्रार्थनेचे दोन पाठ या संधिकाळाचेच साक्षी आहेत. मत्तयाच्या पाठात (६:१२) ग्रीक शब्द ‘ऋणे’ या अर्थाचा आहे. लूकच्या पाठात (११:४) तेथे ‘पापे’ हा शब्द आला. परंतु त्याच वाक्याच्या उत्तरार्धात ‘आमचा ऋणी असणारा प्रत्येक’ हा प्रयोग तसाच राहिला. ग्रीक वाचकाला ऋण म्हणजे पाप हे समजणार नाही म्हणून एक शब्द बदलला गेला, दुसरा निसटला. मराठी भाषांतराने मत्तयात ‘ऋण’ हाच शब्द ठेवला आहे, आणि तो मराठी वाचकाला परका वाटत नाही, याचे कारण उघड आहे. ऋग्वेदातील वरुणसूक्तांत (२.२८) पाश सैल करण्याच्या प्रार्थनेबरोबरच स्वतः केलेली ऋणे दूर करण्याची प्रार्थना आहे. मात्र साम्य येथवरच आहे. पुढे तैत्तिरीय संहितेत जे ऋणत्रय सांगितले, ते जन्मतःच येणारे कर्तव्य आहे, अपराध नव्हे. अरामी ‘होवा’ हा मनुष्याने स्वतः करून ठेवलेला असतो.

५. शूब : फिरणे, परतणे, परत करणे

आता दुसऱ्या बाजूकडे वळावयाचे. ‘शूब’ हा हिब्रू शास्त्रात अतिशय वारंवार येणारा धातू आहे. त्याचे प्रयोग १,०००हून अधिक आहेत. विल्यम हॉलडे यांनी १९५८ मध्ये या एकाच धातूवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बहुसंख्य स्थळी अर्थ अगदी साधा आहे : मनुष्य घरी परततो, सैन्य माघारी फिरते. रूथच्या पहिल्या अध्यायात मवाब देशाहून बेथलेहेमकडे निघालेल्या सासूसुनांच्या संवादात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तेथे प्रश्न फक्त कोणत्या दिशेने पाय वळवावे हा आहे.

संदेष्ट्यांनी हाच शब्द उचलला. आमोसाच्या चौथ्या अध्यायात दुष्काळ, अवर्षण, पिकांवरील रोग, मरी आणि विध्वंस यांच्या प्रत्येक उल्लेखानंतर, तरीही लोक देवाकडे परतले नाहीत, हे पालुपद ५ वेळा येते. यिर्मयाने तर या धातूचा असा उपयोग केला की, भाषांतरकार हतबल व्हावा. ‘शूब’ म्हणजे परतणे, तसेच पाठ फिरवून जाणेही. याच धातूपासून ‘मेशूबा’ म्हणजे विमुखता हे नाम आणि ‘शोबाब’ म्हणजे बहकलेला हे विशेषण झाले. तिसऱ्या अध्यायात बहकलेल्या मुलांना परत बोलावताना क्रियापद आणि विशेषण दोन्ही एकाच धातूची येतात. ज्या पायांनी मनुष्य दूर गेला त्याच पायांनी त्याला परत यावयाचे आहे, हे येथे शब्दरचनेतूनच सांगितले आहे.

या धातूचे प्रयोजक रूप ‘हेशीब’ म्हणजे परत करणे. मराठीत ‘परतणे’ आणि ‘परत करणे’ यांचा जो संबंध, तोच येथे आहे. लेवीयच्या विधीप्रमाणे ज्याने दुसऱ्याचे लुबाडले असेल त्याने ती वस्तू परत करावी, तिच्यावर एकपंचमांश अधिक द्यावा, आणि मगच वेदीकडे यावे. गणना ५:६-७ मध्ये याला तोंडाने कबुली देण्याची जोड आहे. अपराध्याच्या मनात काय चालले आहे याची चौकशी तेथे नाही. ज्याचे गेले त्याला मिळाले की नाही, हा प्रश्न आहे.

मग मनाच्या दुःखाचे काय? त्यासाठी हिब्रूत ‘निहम’ हे वेगळे क्रियापद आहे. नहूम, नहेम्या, मनहेम ही नामे याच धातूची. सांत्वन आणि खेद असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. लक्षणीय गोष्ट ही की, खेदाच्या किंवा बेत बदलण्याच्या अर्थाने या क्रियापदाचा कर्ता पुष्कळदा स्वतः देवच असतो. शौलाला राजा केल्याचा त्याला खेद होतो (पहिले शमुवेल १५). योनाच्या ग्रंथात निनवेचे लोक दुष्ट मार्गापासून ‘शूब’ करतात आणि देव योजलेल्या अरिष्टाविषयी ‘निहम’ होतो. माणसाकडे फिरणे आले आणि देवाकडे कळवळा. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात एफ्राईमाच्या तोंडी दोन्ही क्रियापदे आली आहेत, आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे : तो आधी वळतो, वळल्यानंतर त्याला खेद होतो. आधी हळहळ आणि मग सुधारणा, हा आज स्वाभाविक वाटणारा क्रम येथे उलटा आहे.

डेव्हिड लँबर्ट यांनी ‘हाउ रिपेंटन्स बिकेम बिब्लिकल’ (२०१६) या ग्रंथात याहीपुढे जाऊन असे मांडले की, अंतःकरणातील पश्चात्ताप ही कल्पनाच उत्तरकालीन असून नंतरच्या वाचकांनी ती हिब्रू शास्त्रात वाचली. उपवास, गोणपाट, राख यांचा उद्देश मनाची अवस्था प्रकट करणे हा नसून संकटात पडलेल्याने केलेली दीन याचना हा होता, असे ते म्हणतात. या मताने अभ्यासाला चांगला धक्का दिला. परंतु ते संपूर्णतः स्वीकारता येईल असे वाटत नाही. अनुवादाच्या ३०व्या अध्यायात परतणे संपूर्ण हृदयाने व्हावयाचे आहे. योएल वस्त्रे नव्हे, हृदये फाडावयास सांगतो. ५१व्या स्तोत्रात भग्न हृदय हाच यज्ञ आहे. तथापि हिब्रू ‘लेब’, म्हणजे हृदय, हे भावनेइतकेच विचाराचे आणि निश्चयाचे स्थान आहे, हे विसरता कामा नये. हृदय येथे पायांच्या दिशेला साथ देते. तिची जागा घेत नाही.

‘तेशूबा’ हे नाम या दृष्टीने फार बोलके आहे. यहूदी परंपरेत पश्चात्तापाला हाच शब्द आहे. परंतु हिब्रू शास्त्रात तो केवळ ८ वेळा येतो, आणि एकदाही त्या अर्थाने नाही : कोठे वर्षाचे पुनरागमन, कोठे घरी परत येणे, तर ईयोबच्या ग्रंथात उत्तर. पश्चात्ताप या अर्थाचे नाम हिब्रू शास्त्राला लागलेच नाही. क्रियापदाने त्याचे काम भागले. क्रियेचे नाम बनले, तेव्हाच तिचे स्वरूप, तिच्या पायऱ्या, तिच्या अटी यांची चर्चा शक्य झाली. सुमारे इ. स. २००मध्ये संकलित झालेल्या मिश्नात ती चर्चा चालू झालेली दिसते. योमा या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, प्रायश्चित्ताचा दिवस मनुष्य आणि देव यांच्यामधील अपराध धुऊन टाकतो; मनुष्य आणि मनुष्य यांच्यामधील अपराध मात्र, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान केल्याखेरीज धुतले जात नाहीत. बाराव्या शतकात मायमोनिदीसने कबुली, खेद आणि पुन्हा न करण्याचा निश्चय ही अंगे सांगून पूर्ण ‘तेशूबा’ची कसोटी दिली : तोच प्रसंग, तीच शक्ती, तीच संधी पुन्हा यावी आणि मनुष्याने ते कृत्य करू नये. खेदाला येथे मानाचे स्थान मिळाले, पण कसोटी आचरणाचीच राहिली.

६. भाषांतरांचा मार्ग

इ. स. पू. तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक भाषांतरात तीन पापवाचक शब्दांमधील सीमा पुसट झाल्या. ‘हामार्तिया’ हा ग्रीक शब्द कधी एकासाठी, कधी दुसऱ्यासाठी आला. ‘शूब’साठी मात्र त्या भाषांतरकारांनी ‘एपिस्त्रेफेइन’, म्हणजे वळणे, हाच शब्द सामान्यतः ठेवला. ‘मेतानोएइन’, म्हणजे मन बदलणे, हा शब्द त्यांनी प्रामुख्याने ‘निहम’साठी योजला. नव्या करारात हाच दुसरा शब्द हाकेचा शब्द झाला. दिशेची जागा मनाने घेतली. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्याचे ‘पेनितेन्तियाम आगेरे’ झाले, आणि या शब्दांना मध्ययुगीन चर्चमध्ये विहित प्रायश्चित्त करण्याचा अर्थ आला. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्लाने आणि १५१६ मध्ये ग्रीक मूळ छापणाऱ्या इरॅस्मसने या भाषांतरावर आक्षेप घेतले. १५१७ मध्ये ल्यूथरने मांडलेल्या सूत्रांपैकी पहिले याच शब्दांविषयी आहे. युरोपचा धार्मिक इतिहास बदलून टाकणाऱ्या वादाचा प्रारंभ अशा रीतीने एका क्रियापदाच्या अर्थापासून झाला.

मराठीत या शब्दांचा प्रवेश दोन वाटांनी झाला. एक वाट ख्रिस्ती भाषांतरांची, दुसरी कोकणातील बेने इस्राएल समाजाची. हिब्रू प्रार्थनाग्रंथ हाती येण्यापूर्वीही हा समाज उपवासाचा तो मोठा दिवस पाळीत असे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात त्याचे ‘दारफाळणीचा सण’ हे मराठी नाव नोंदले आहे : दारे लावून घरात राहण्याचा दिवस. दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. शब्द विसरले गेले होते, आचार राहिला होता. आणि त्या आचारात बंद दारामागचा उपवास व उघड्या दाराबाहेरचे दान हे दोन्ही होते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, आणि पंडिता रमाबाईंनी १९२२ मधील निधनापूर्वी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर पुरे केले. मराठीतून हिब्रूकडे पाहण्याची परंपरा अशी शंभर वर्षांत उभी राहिली.

या भाषांतरव्यवहारात ‘पाप’ आणि ‘पश्चात्ताप’ ही जोडी सर्वांत अधिक रुळली. ‘पश्चात्ताप’ या समासात ‘नंतर होणारा दाह’ एवढेच आहे. त्यात दिशा नाही, दुसरा पक्ष नाही, परत करावयाची वस्तू नाही. परंतु याचा अर्थ भारतीय परंपरेत त्या कल्पना नव्हत्या असा नव्हे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) पातक व प्रायश्चित्त यांचा जो विस्तृत विचार आहे, त्यावरून धर्मशास्त्रकारांनी या अंगांचे किती बारकाईने पृथक्करण केले होते ते दिसते. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात संताप, म्हणजे मनाचा दाह, आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी निवृत्ती, या दोहोंचा वेगळा उल्लेख असून शुद्धी निवृत्तीने होते असे म्हटले आहे. ‘निवृत्ती’ या शब्दातील ‘वृत्’ धातूचा अर्थ वळणे हाच आहे. ‘शूब’ला संस्कृतात प्रतिशब्द शोधावयाचा तर तो ‘पश्चात्तापा’पेक्षा येथे सापडेल.

आणखी एक शब्द मराठीच्या घरातच आहे. हिब्रू ‘श’च्या जागी अरामीत अनेकदा ‘त’ येतो : हिब्रू ‘शोर’ (बैल), अरामी ‘तोर’. त्याच नियमाने हिब्रू ‘शूब’ हा अरामीत ‘तूब’ होतो. हा अरामी शब्द धर्मभाषेतून अरबीत गेला, तेथे त्याचे ‘तौबा’ झाले, आणि फारसीच्या द्वारे तो मराठीत ‘तोबा’ म्हणून आला. कंटाळलेला मराठी माणूस एखाद्या गोष्टीला तोबा करतो, तेव्हा पुन्हा त्या वाटेला न जाण्याचाच त्याचा आशय असतो. आमोसाच्या धातूचा हा दूरचा वंशज आपला मूळ अर्थ बऱ्याच अंशी सांभाळून आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘हेट’, ‘पेशअ’, ‘आवोन’ हे तीन शब्द एकाच कल्पनेचे पर्याय नाहीत. अपराध, द्रोह आणि कृत्यापासून न सुटणारे ओझे अशा तीन बाजूंनी ते दोन पक्षांमधील बिघडलेल्या संबंधाचे वर्णन करतात. दुसरी, ओझ्याचे ऋण होणे हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. ओझे दुसरा कोणी उचलू शकतो. ऋण मात्र फेडावे लागते किंवा सावकाराने सोडावे लागते. दान, पुण्यसंचय, ऋणमुक्ती यांविषयीच्या पुढील यहूदी व ख्रिस्ती विचारांची बीजे या बदलात आहेत. तिसरी, ‘शूब’ हे परतण्याचे क्रियापद असून त्यात परत करण्याचाही समावेश आहे. मनस्ताप त्याच्याबरोबर येतो, परंतु त्याची जागा भरून काढीत नाही.

भाषांतर करणाऱ्यांपुढे यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक ठिकाणी ‘पश्चात्ताप’ लिहिले तर वाचकाचे लक्ष अपराध्याच्या अंतःकरणाकडे जाते आणि ज्याचा अपराध झाला तो दृष्टीआड होतो. आमोसाच्या काळी जोड्यांच्या जोडासाठी विकल्या गेलेल्या दरिद्री माणसाला विकणाऱ्याच्या मनाला किती चटके बसले याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला आपले स्वातंत्र्य परत हवे होते. ‘वळणे’, ‘परतणे’, ‘परत करणे’, ‘निवृत्त होणे’ ही क्रियापदे मराठीत उपलब्ध आहेत. प्रसंग पाहून त्यांची निवड केली, तर मूळ वाक्यातील दुसरा पक्ष मराठी वाक्यातही जागच्या जागी राहील.